नऊ किलो शिसं

पुण्याहून आलेला माणूस हिमालयातल्या तळ्यापाशी पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा तो तळ्याकडे बघतच नाही. पाठ तळ्याकडे, तोंड स्वतःच्या कॅमेऱ्याकडे. गेल्या सहा वर्षांत मी असे बाराशे-तेराशे लोक शिलाम तळ्यात बुडवून परत वर काढले. त्यातल्या फार तर दहाजणांनी आधी पाण्यात हात घालून ते किती गार आहे हे पाहिलं असेल.

मी हर्षदा मेथर. गाव मालवण, वय चव्वेचाळीस, धंदा लोकांना पाण्याखाली नेऊन जिवंत परत आणण्याचा. समुद्र सोडून इतक्या लांब हिमाचलात हा धंदा कशाला, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर समुद्राला विचारा. तारकर्लीचं पाणी वर्षागणिक कोमट होत गेलं, प्रवाळं आधी पांढरी पडली, मग त्यांच्यावर शेवाळ चढलं. दोन हजार अडतीसच्या हंगामात पाण्याखाली स्वतःच्या हाताची बोटं दिसेनात, तेव्हा आमच्यातले निम्मे बुडीवाले गवंडीकामाला लागले आणि उरलेले इकडे वर आले. इकडे बर्फ वितळून तळी वाढत होती. शिलाम तर वीस वर्षांत इतकं चढलं की काठावरची मेंढपाळांची दगडी घरं, कुंपणं, ओढ्यावरचा पूल, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी स्वच्छ, तीन अंश सेल्सिअस. दुसऱ्याच्या घरावर पाणी फिरलं की आमच्या ग्राहकांना ते प्रेक्षणीय वाटतं. बुडालेल्या उंबऱ्यावर बसून फोटो काढायला ते रांग लावतात.

आता थोडं शास्त्र. ग्राहकांना सांगते तेवढंच सांगते, फक्त ते ऐकत नाहीत.

माणूस पाण्याखाली टाकीतली हवा घेतो. त्या हवेतला नायट्रोजन दाबामुळे रक्तात विरघळतो आणि त्याहून कितीतरी जास्त चरबीत. वर येताना दाब कमी होतो आणि तो नायट्रोजन बाहेर पडायला बघतो. हळूहळू आलात तर फुप्फुसांतून निघून जातो. घाईने आलात तर जिथे असेल तिथे त्याचे बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर दुखतं, पाठीच्या कण्यात झाले तर पाय जातात. सोड्याची बाटली सावकाश का उघडायची हे ज्याला कळतं त्याला एवढं कळायला हरकत नाही.

उंचावरच्या तळ्यात हे प्रकरण जास्त बिकट. शिलाम चार हजार तीनशे मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मालवणच्या जेमतेम साठ टक्के. वीस मीटर खोलीवरून वर आलात की अंगावरचा दाब सव्वाचार पटीने उतरतो. समुद्रात एवढा फरक पडायला तेहतीस मीटर खाली जावं लागतं. आणि खरी मेख पुढे आहे. शिलामच्या चहूबाजूंनी डोंगर, बाहेर पडायचा रस्ता एकच, तो पाच हजार मीटरवरच्या खिंडीतून. बुडी मारून लगेच खिंड चढलात तर दाब आणखी उतरतो. म्हणजे पाण्याबाहेर आलात तरी तुमचं वर येणं संपलेलं नसतं. म्हणून आमचा नियम होता, बुडी झाली की चोवीस तास तळ्याकाठी मुक्काम. कुणीही असो.

त्या चोवीस तासांबद्दल लोक फार कुरकुरायचे. तिथे नेटवर्क नाही, बार नाही, नुसता वारा आणि दगड. पण संध्याकाळपर्यंत तीच माणसं जरा माणसांत यायची. माझा धाकटा भाऊ सिद्धेश माझ्या हाताखाली दुसरा बुडीवाला. तो चुलीवर तिरफळं घातलेली आमटी करायचा, आणि आम्ही दोघं भावंडं तंबूबाहेर बसून पत्ते कुटायचो. सगळं आयुष्य एकाच गावात काढून आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या सक्तीच्या बसण्यात बोललो.

मग ‘निष्फेन’ आलं.

फ्लुओरीन आणि कार्बन यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म थेंब एका द्रवात मिसळलेले. बुडीच्या अर्धा तास आधी दंडात टोचायचं. हे थेंब रक्तातून फिरताना नायट्रोजन शोषून घेतात आणि फुप्फुसांत नेऊन सोडतात, रक्त एकटं नेऊ शकेल त्याच्या अनेक पटींनी. मात्रा वजनाप्रमाणे, कारण जितकी चरबी तितका लपलेला नायट्रोजन. परिणाम आठ तास. सरळ वर या, गाडीत बसा, खिंड ओलांडा, रात्री खोऱ्यातल्या हॉटेलात जेवा. पी हळद नि हो गोरी.

सगळ्यात मोठा अपमान हा की ते औषध चालत होतं. मी दोन वर्षं वाट बघत होते, आज कोणीतरी खिंडीत आडवा होईल, उद्या होईल. कोणी झालं नाही. आमच्या नीलतळ कंपनीने मुक्काम रद्द केला, तंबू विकले, ‘एका दिवसात हिमतळ’ अशी जाहिरात केली. सिद्धेश रोज औषध टोचून घ्यायचा, ग्राहकांबरोबर बुडायचा आणि दुपारी त्यांनाच गाडीत घालून खिंडीपलीकडे न्यायचा. मी टोचून घेत नसे. मी जुन्या पद्धतीने सहा मीटरवर आणि तीन मीटरवर थांबत थांबत वर यायचे, दिवसाआड बुडायचे आणि तळ्याकाठीच राहायचे. दोन वर्षांत आम्ही भावंडं एकत्र जेवलो नव्हतो. मी त्याला कंपनीचा हुजऱ्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

औषधाचं एक होतं, मिसळल्यावर ते तीसच तास टिकायचं. म्हणून रोज सकाळी खोऱ्यातून ज्याच्या-त्याच्या नावाच्या, ज्याच्या-त्याच्या वजनाच्या बाटल्या यायच्या. जादा एकही नाही. वजन ग्राहकाने घरबसल्या फॉर्मवर भरलेलं. आधी आम्ही तळ्यावर काटा ठेवला होता. दोन-तीन बायकांनी आणि पंधरा-वीस पुरुषांनी, हो, पुरुषांनीच जास्त, तक्रार केली की चारचौघांत काट्यावर उभं करणं अपमानास्पद आहे. कंपनीने काटा परत मागवला. महिनाअखेरीच्या पत्रात लिहिलं, ‘ग्राहकावर विश्वास हेच आपलं भांडवल.’

माझ्याही नावाची बाटली यायची. मी ती रोज सगळ्यांसमोर फोडून वाळूत ओतायचे. तो माझा प्रातर्विधी होता म्हणा.

जूनच्या अठरा तारखेला एकच जोडपं आलं. अभिराम केतकर आणि त्यांच्या पत्नी मृण्मयी. केतकर आयटीतून निवृत्त होऊन ‘मर्यादा ओलांडा’ या विषयावर व्याख्यानं देत. आल्या आल्या मला म्हणाले, “मॅडम, आमच्या मकरंद हाइट्सचं साहस मंडळ आहे. अध्यक्ष मी. झेंडा पाण्याखाली रोवायचाय. जरा चांगला अँगल बघा हं.”

“रोवा की,” मी म्हटलं. “मेंढपाळाचं घर रिकामंच आहे.”

त्यांना त्यातला खवटपणा कळला नाही. मृण्मयीबाईंना कळला. त्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर तळ्याकडे वळवली. पाण्यात हात घालून बघणाऱ्या दहाजणांतल्या त्या एक, हे मला मागाहून आठवलं.

फॉर्मवर केतकरांचं वजन होतं अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना पाणी आत न येणाऱ्या कोरड्या पोशाखात घालून कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि पट्ट्यात शिसं भरायला घेतलं. शिसं नसेल तर माणूस बुडत नाही, तरंगतो. चरबी जितकी जास्त तितकं शिसं जास्त. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला त्या गोड्या पाण्यात पाच किलो पुरतं. केतकर पाच किलोवर तरंगत होते. सहावर तरंगले, सातावर तरंगले. शेवटी नऊ किलो घातलं तेव्हा महाराज कुठे खाली बसले. माझे हात हे काम पंचवीस वर्षं करताहेत, त्यांना काटा लागत नाही. माणूस पंचाण्णवच्या आसपास होता.

मी त्यांना विचारलं, “वजन किती म्हणालात?”

“अठ्ठ्याहत्तर,” केतकर पोट आत घेऊन म्हणाले. “थोडं वर-खाली असेल, प्रवासात.”

मर्यादा ओलांडणारा माणूस स्वतःच्या बायकोदेखत काट्याला घाबरत होता. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सामानाच्या खोपटाआड सिद्धेश माझ्याजवळ आला. हातात त्याची आणि केतकरांची बाटली होती, अजून टोचायच्या बाकी.

“ताई, तेच्या बायलेन आत्ता माका सांगितलान. वजन शहाण्णव आसा. फॉर्मार खोटा लिवलान.”

“माका म्हायत आसा. नऊ किलो शिसा लागला तेका.”

“मगे? बुडी रद्द कर. अधिकार तुझो आसा, माझो नाय.”

“मी कित्याक रद्द करू? तेणां आपल्या हातान लिवलान. उद्या पानभर तक्रार करतलो माझ्या नावान. इतक्या तुमचा औषध भारी आसा तर बगूया ना काय होता ता.”

“ताई, तेका कायतरी झाला तर?”

“सांधे दुखतले दोन दिवस. मगे काट्यार उभो रवाक लाजूचो नाय. भोगूंदे मेल्याक.”

हे मी म्हटलं. शब्द जसेच्या तसे सांगते आहे, कारण पुढे ते मी जबाबातही घातले. सांधे दुखण्यावर भागेल अशी खात्री मला नव्हती. कोणालाच नसते. पण त्या क्षणी मला केतकर कण्हताना दिसत होते, आणि ते दृश्य मला आवडलं होतं.

सिद्धेश उभाच राहिला. त्याची नजर माझ्या हातातल्या माझ्या बाटलीवर होती. मी ती रोजच्यासारखी दगडावर आपटून फोडली, औषध वाळूत ओतलं आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, “काय बगतंस? जा, साहेबाची सेवा कर.”

तो गेला.

बुडी छान झाली. अशा लोकांच्या बुड्या नेहमी छान होतात. मी मृण्मयीबाईंबरोबर, सिद्धेश केतकरांबरोबर, बावीस मीटर, पंचवीस मिनिटं. बाईंनी एका घराच्या भिंतीतला चुलीचा कोनाडा हाताने चाचपला आणि तिथेच थांबून राहिल्या. केतकरांनी उंबऱ्यात झेंडा रोवला. तो पडला, परत रोवला, तीनदा. सिद्धेश त्यांचे फोटो काढत होता. मग ते तिघं सरळ वर गेले आणि मी माझ्या थांब्यांवर दोरी धरून लोंबकळत राहिले. वर आले तेव्हा गाडी निघायच्या तयारीत होती. सिद्धेशने गाडीतूनच हात हलवला. मी हलवला नाही.

दीड-पावणेदोन तासांनी आंगमो चहा घेऊन आली. आंगमो ही खालच्या गावातली बाई, आमच्या तळावर स्वयंपाक आणि साफसफाई बघते. वापरलेल्या सुया डब्यात बंद करणं हेही तिचंच काम. ती सहज म्हणाली, “दीदी, आज तो भैया ने अपनी आधी दवाई उस मोटे साहब को लगा दी. पहले साहब की पूरी, फिर अपनी आधी.”

“क्या?”

“मुझे लगा, आपसे पूछ के किया होगा.”

मी उठले. चहा सांडला. सिद्धेश त्या माणसाबरोबर बावीस मीटर गेला होता, वर येताना कुठेही थांबला नव्हता, अंगात निम्मी मात्रा, आणि आता खिंडीत पोचला असणार होता. माझ्या पायापाशी वाळूत माझ्या बाटलीच्या काचा पडल्या होत्या. त्याला जेवढं कमी पडलं होतं तेवढं त्या बाटलीत होतं.

मी गाडीच्या उपग्रह-फोनवर फोन लावला. पाचव्यांदा उचलला तो मृण्मयीबाईंनी.

“सिद्धेशला द्या.”

“ते खाली बसलेत,” बाई म्हणाल्या. “आम्ही खिंडीत आहोत. ह्यांना इथे ड्रोनने शूटिंग करायचं होतं, म्हणून अर्धा तास थांबलो. सिद्धेश म्हणत होते चला चला. आता म्हणताहेत खांदा दुखतोय आणि पाय आपले वाटत नाहीत. हर्षदाताई, हे काय आहे?”

पाच हजार मीटरवर अर्धा तास. केतकर टीशर्ट घालून, हात पसरून, बर्फासमोर. सिद्धेशने चला चला म्हटलं असणार ते कसं म्हटलं असणार हेही मला माहीत होतं, हात जोडून आणि हसत. कंपनीने त्याला तसंच शिकवलं होतं. मीही त्याच्याशी असंच वागत आले की त्याला हळू आवाजातच बोलता यावं.

मी काय करायचं ते सांगितलं. खिंडीपलीकडे खोऱ्यातला दवाखाना साडेतीन तासांवर. इकडे तळ्याकाठी दाबपिशवी, पन्नास मिनिटांवर. दाबपिशवी म्हणजे जाड रबरी कापडाची माणूसभर लांबीची पिशवी. रोग्याला आत झोपवून तोंड बंद करायचं आणि पंपाने हवा भरत राहायचं. आत दाब वाढला की बुडबुडे परत विरघळतात. “त्याला आडवं झोपवा, गाडीतला ऑक्सिजन लावा आणि ताबडतोब मागे फिरा.”

मागून केतकरांचा आवाज आला. “मागे? अहो, उद्या सकाळचं विमान आहे आपलं. खाली दवाखाना आहे ना? आणि गाडी कोण चालवणार या रस्त्यावर?”

“मी,” मृण्मयीबाई म्हणाल्या. “तुम्ही त्याचं डोकं धरा.”

“मृण्मयी, अगं—”

“अभिराम, गप्प बस आणि त्याचं डोकं धर.”

फोन बंद झाला. मला वर जाता येत नव्हतं. दोन तासांपूर्वी मी पाण्यात होते, अंगात औषध नव्हतं. खिंड चढले असते तर एकाऐवजी दोघं आडवी झाली असती. मी आंगमोबरोबर पिशवी पसरली, पंप जोडला, आणि रस्त्याकडे बघत बसले. थांबण्याचा मला केवढा अभिमान होता! ती पन्नास मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

गाडी आली. बाईंनी ती उताराच्या वळणांवरून एकही ओरखडा न लागू देता आणली होती. सिद्धेशला चौघांनी उचललं. त्याचे पाय नुसते लोंबत होते. मी त्याला पिशवीत घातलं, चेन ओढली आणि आंगमोने पंप सुरू केला.

या पंपाचं असं आहे की दाब भरला तरी थांबता येत नाही. आतली हवा ताजी राहावी म्हणून पायाने सारखा दाबत राहावा लागतो, मिनिटाला दहा-बारा वेळा, पाच-सहा तास. बुडून आलेल्या माणसाने कष्ट करायचे नसतात, बुडबुडे वाढतात. म्हणजे मी पंपाला पाय लावायचा नव्हता. आंगमोने अर्धा तास मारला, बाईंनी वीस मिनिटं. मग केतकर पुढे आले.

“मी करतो,” ते म्हणाले. “मला चालेल ना? माझ्यात औषध आहे.”

“आहे,” मी म्हटलं. “त्याचंही आहे तुमच्यात.”

सिद्धेशने गाडीत सगळं सांगितलं असावं, कारण केतकरांनी काही विचारलं नाही. त्यांनी जाकीट काढलं आणि पंप मारायला लागले. एक दोन, एक दोन, सोसायटीच्या योगवर्गात मोजावं तसं मोठ्याने मोजत. चार हजार तीनशे मीटरवर शहाण्णव किलोचा माणूस. दहा मिनिटांत तोंड लाल, वीस मिनिटांत निळसर. मी म्हटलं, थांबा. ते थांबले नाहीत. बाईंनी दंड धरून बाजूला केलं की पाच मिनिटं बसायचे आणि पुन्हा यायचे. मध्येच एकदा रडले आणि रडतानाही मोजत राहिले. मला तेव्हाही ते हास्यास्पदच वाटत होते. पण पंप तेच मारत होते आणि मी बसून होते.

पिशवीला चेहऱ्यापाशी एक खिडकी आहे आणि आत-बाहेर बोलायला एक वायरीचा फोन. तीनेक तासांनी सिद्धेश नीट बोलायला लागला.

“उजवो पाय हलता,” तो म्हणाला. “डावो नाय.”

“हलतलो. वायच दम धर.” मग माझ्याने राहवेना. “मेल्या, निम्मा औषध दिवचा काय नडला होता तुका?”

“निम्मा खय, अंदाजान दिलंय. मोजूक काटो खय आसा? माका वाटला, माझा अंग सुकलेला, माझा भागतला.”

“माझी बाटली होती ना! माका मागूची होती. मी थयच उभी होतंय.”

खिडकीच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ येत-जात होती.

“मागतलंय होतंय,” तो म्हणाला. “पण तुझ्याकडे कायय मागूचा म्हटल्यार आदी तुझा हसणा खावचा लागता, ताई. सकाळच्या पारी माझ्याच्यान जावक नाय.”

मी फोन खाली ठेवला. पंचवीस वर्षं मी लोकांना दाब म्हणजे काय ते समजावत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला दाबाच्या रुग्णवाहिकेतून खोऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीन आठवडे उपचार केले. उजवा पाय आला. डावा गुडघ्याखाली नाही आला, आणि येणार नाही असं त्यांनी मला व्हरांड्यात उभं करून सांगितलं. सिद्धेशला वयाच्या सातव्या वर्षी मी पोहायला शिकवलं होतं. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

त्याच आठवड्यात कंपनीचे व्यवस्थापक कौशिक दामले आले. स्वच्छ शर्ट, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर दुःख नेमकं पुरेल एवढं. दवाखान्याच्या उपाहारगृहात आम्ही बसलो.

“अपघाताच्या अहवालाचा मसुदा तयार आहे, मॅडम. तुमची फक्त सही.”

मी वाचला. औषधात दोष नाही, हे खरं. ग्राहकाने चुकीचं वजन दिलं, हेही खरं, तेही ‘अनवधानाने’ या शब्दाचं तेल लावून. पुढे होतं, ‘श्री. सिद्धेश मेथर यांनी वरिष्ठांना न कळवता, परस्पर मात्रा विभागली.’

“परस्पर लिहिलं तर काय होईल?” मी विचारलं.

“शिस्तभंग होतो. मग ही कामावरची इजा धरता येत नाही. पुढचे उपचार, व्यायाम, तो कृत्रिम आधार, ते त्यांचे त्यांना बघावे लागतील.” दामले थांबले. “पण सिद्धेशनी हरकत घेतलेली नाही. ते म्हणाले, ताईच्या परवान्याला धक्का लागू नये.”

तो तिथेही माझी सेवा करत होता.

“खोटं आहे ते,” मी म्हटलं. “त्याने मला कळवलं होतं. बुडी रद्द कर म्हणाला होता. अधिकार माझा होता आणि मी नाही केली. माझी स्वतःची बाटली त्याच्यासमोर फोडून ओतली. हे घाला.”

“मॅडम, मग तुमचा परवाना कायमचा जाईल.”

“घाला.”

दामले घालू लागले, आणि त्यांची बोटं अचानक भराभर चालायला लागली. माझ्या लक्षात आलं की त्यांना आनंद झाला आहे. औषधाचा राग करणारी जुनी कर्मचारी, तिने हेतुपुरस्सर काम टाळलं. कंपनीला यापेक्षा बरं काय हवं होतं? आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या फायद्याचं काहीतरी बोलत होते. त्या माणसाची मला जेवढी किळस आली तेवढी कुणाची आली नसेल, आणि तरी सगळं सांगत राहिले. खोपटाआड बोललेले शब्दही सांगितले.

“आता एवढंच राहिलं,” ते म्हणाले. “बुडी रद्द न करण्याचं कारण. इथे पर्याय आहेत. हवामान, उपकरण, संपर्क तुटला, इतर.”

“इतर.”

“इतरला तपशील लागतो.”

“लिहा, तो माणूस मला बघवत नव्हता. त्याला त्रास झाला असता तर मला चाललं असतं.”

दामल्यांची बोटं थांबली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“पण मॅडम, केतकर तर ठणठणीत आहेत. पाय तर तुमच्या भावाचा गेला.”

“हो,” मी म्हटलं. “तेही लिहा.”